बेबी ऑस्टिन आणि तिचे घरगुती कारागीर

वस्तु विकत घेणें आणि ती आपलीशी करणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीला पैसा पुरतो. दुसरीसाठीं वेळ, श्रम आणि पुष्कळदां बोटांचीं सालटीं खर्चीं घालावीं लागतात. ज्यानें आपल्या सायकलीची साखळी स्वतः काढून, रॉकेलांत धुवून, पुन्हां चढविली आहे, त्याला तिच्या प्रत्येक कुरकुरीचा अर्थ कळतो. ज्यानें ती नेहमीं दुकानदाराच्या स्वाधीन केली, त्याला केवळ बिलाचा आंकडा कळतो. यंत्रयुगांत माणसाभोंवतीं यंत्रें वाढलीं, परंतु त्या मानानें माणसाची यंत्रांशीं ओळख वाढली असें मात्र नाहीं. या सामान्य नियमाला विसाव्या शतकांत एक मोठा मनोरंजक अपवाद घडला. इंग्लंडांतील एका लहानशा मोटारीनें हजारों कारकून, शिक्षक, विद्यार्थी आणि दुकानदार यांच्या हातीं पाना व कानस दिली, आणि घराच्या मागच्या पडवींत त्यांच्याकडून वेगवान स्पोर्ट्स मोटारी घडवून घेतल्या. ती मोटार म्हणजे आपल्याकडेहि बेबी ऑस्टिन या लाडक्या नांवानें ओळखली जाणारी ऑस्टिन सेव्हन.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां इंग्लंडांत मोटार ही सधनांची चैन होती. मध्यमवर्गीय गृहस्थाची मजल फार तर साइडकार जोडलेल्या मोटारसायकलीपर्यंत जाई. त्यांतच १९२१ पासून सरकारनें मोटारीवर दर अश्वशक्तीस वर्षाला एक पौंड असा कर बसविला. ही अश्वशक्ति प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडरांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवरून एका ठराविक सूत्रानें ती काढीत. मोठें इंजिन म्हणजे मोठा कर, असा त्याचा व्यवहारांतील अर्थ. बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज येथील ऑस्टिन कंपनी त्या सुमारास डबघाईस आली होती आणि तिच्यावर रिसीव्हर नेमला गेला होता. कंपनीचे संस्थापक सर हर्बर्ट ऑस्टिन यांच्या मनांत अगदीं छोटी मोटार काढावयाची होती; संचालकांना ती कल्पना पसंत नव्हती. तेव्हां त्यांनीं कारखान्यांतील स्टॅन्ले एज नांवाच्या अठरा वर्षांच्या नकाशे काढणाऱ्या मुलाला आपल्या लिकी ग्रेंज या राहत्या घरीं बोलावून घेतलें, आणि तेथील बिलियर्डच्या खोलींत त्या दोघांनीं मोटारीचे आराखडे तयार केले. पैसाहि ऑस्टिन यांनीं पदरचा घातला. त्याच्या मोबदल्यांत पुढें प्रत्येक मोटारीमागें दोन गिनी त्यांना मिळत गेल्या. १९२२ मध्यें मोटार लोकांपुढें आली. तिची किंमत १६५ पौंड होती आणि वर्षाचा कर आठ पौंडांच्या आंत भागे. अशा रीतीनें घरांत जन्मलेल्या या मोटारीचें पुढील आयुष्यहि पुष्कळसें घराघरांतच गेलें.

तिची रचना पाहिली म्हणजे हें असें कां झालें तें समजतें. तिचा सांगाडा म्हणजे पुढच्या टोंकाला एकत्र येणाऱ्या दोन पोलादी पट्ट्या. वरून पाहिल्यास इंग्रजी ‘ए’ या अक्षरासारखा आकार. पुढच्या टोंकाशीं एक आडवी स्प्रिंग आणि तिला टांगलेला पुढचा आंस; मागच्या दोन टोंकांतून बाहेर आलेल्या दोन आंखूड स्प्रिंगा आणि त्यांवर मागचा आंस. या सांगाड्यावर मोटारीची पेटी केवळ बोल्टांनीं बसविलेली असे. बोल्ट सोडून ती उतरविली तरी खालचा सांगाडा इंजिनासह जसाच्या तसा चालूं शकत असे. इंजिन चार सिलिंडरांचें. आरंभीं तें ६९६ सी.सी. होतें, पण लौकरच ७४७ सी.सी. झालें. त्याचें हेड सोडवून काढतां येई, आणि तें काढलें कीं पिस्टन व व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर उघडे पडत. आंत काय आहे तें पाहिलें कीं समजे, समजलें कीं करून पाहावेसें वाटे, आणि करतांना चुकलें तरी सुटा भाग थोडक्यांत मिळे. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर याहून चांगलें क्रमिक पुस्तक मिळणें कठीण होतें.

त्या काळच्या मोटारी आजच्या मोटारींपेक्षां किती अधिक सेवा मागत असत याची कल्पना आजच्या वाचकाला सहसा येत नाहीं. कांहीं शें मैलांच्या अंतरानें ठिकठिकाणच्या सांध्यांत वंगण भरावें लागे. जळलेल्या तेलाची व पेट्रोलची काजळी पिस्टनच्या माथ्यावर व हेडच्या आंतून सांचे; ती वाढली कीं इंजिन ठोके देऊं लागे आणि चढावर धापा टाकी. मग एखाद्या शनिवारीं दुपारीं हेड उतरवावें, काजळी खरवडावी, व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकींत घासणीची पेस्ट लावून फिरवावे, आणि तेथें चहूंबाजूंनीं सारखें राखी रंगाचें वर्तुळ दिसूं लागलें म्हणजे पुन्हां सर्व जोडावें, असा क्रम असे. कारखान्यांत हें काम करून घेण्यास मजुरी पडे; घरीं करण्यास एक दिवस व थोडें धैर्य पुरे. बेबी ऑस्टिनचे ब्रेक तर थट्टेचा विषय होते. तारा व दांडे यांनीं ओढले जाणारे ते ब्रेक सतत जुळवून घ्यावे लागत, आणि प्रारंभींच्या मोटारींत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना व हाताचा पुढच्या चाकांना अशी विभागणी होती. अशा मोटारीचा मालक नाइलाजानें कां होईना, कारागीर बनत गेला.

दुरुस्तीकडून सुधारणेकडे जाण्याचें पाऊल लहान असतें. जो हेड उतरवितो त्याच्या मनांत सहज येतें कीं, तें थोडें रंधून घेतलें तर काय होईल? हेडचा तळ रंधला कीं सिलिंडरावरील पोकळी लहान होते, वायु अधिक दाबला जातो आणि त्याच्या स्फोटांतून अधिक जोर मिळतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दुहेरी केल्या तर ते अधिक गतींत न डगमगतां बसतात. वायु आंत येण्याच्या वाटा घांसून गुळगुळीत केल्या तर इंजिनाचा श्वास मोकळा होतो. ऑस्टिन सेव्हनचें उत्पादन १९३९ पर्यंत चाललें आणि तोंपर्यंत सुमारें २,९०,००० मोटारी रस्त्यावर आल्या. त्यांतील जुन्या, पेटी कुजलेल्या, पण सांगाडा व इंजिन शाबूत असलेल्या मोटारी क्षुल्लक किमतीला मिळूं लागल्या. तरुण मंडळी त्या घेत, जड पेटी काढून टाकीत, स्प्रिंगा चपट्या करून मोटार जमिनीजवळ आणीत, सुकाणूचा दांडा तिरका करीत आणि प्लायवूड किंवा अल्युमिनियमची दोन माणसांपुरती हलकी पेटी चढवीत. अशा घडविलेल्या मोटारीला ‘स्पेशल’ असें नांव पडलें. दोन स्पेशल एकमेकींसारख्या नसत. प्रत्येकीवर तिच्या कर्त्याच्या खिशाचा, हौसेचा आणि अज्ञानाचाहि ठसा असे.

अज्ञानाची शिक्षाहि तत्काळ मिळे. बेबी ऑस्टिनचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांची वरखालीं हालचाल चक्राकार करणारा दांडा, आरंभीं केवळ दोन टोंकांच्या बेअरिंगांवर तोललेला असे. मधला आधार १९३६ च्या सुमारास आला. मूळच्या बेताच्या शक्तीला तो पुरेसा होता. परंतु मालकानें इंजिनाची शक्ति वाढविली आणि तें अधिक वेगानें फिरविलें कीं मधोमध निराधार असलेला तो दांडा दोरीप्रमाणें फेंके घेऊं लागे, आणि एक दिवस तुटे. अशा वेळीं हौशी कारागिराला एक मोठा धडा मिळे. यंत्राचा कोणताहि भाग एकटा सुधारतां येत नाहीं. एकाला दिलेलें बळ दुसऱ्याला सोसावें लागतें. इंजिन सुधारलें तर ब्रेक सुधारलेच पाहिजेत. ब्रेक सुधारले तर आंस बळकट पाहिजे. कागदावरच्या प्रमेयापेक्षां तुटलेल्या दांड्यानें हा सिद्धांत अधिक पक्का होत असे.

या पडवींतील शाळेंतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींचीं नांवें जगाच्या इतिहासांत राहिलीं. त्यांत पहिलें नांव अलेक इसिगोनिस यांचें. स्मर्ना येथें १९०६ मध्यें जन्मलेला हा तरुण इंग्लंडांत आला आणि मोटारींच्या धंद्यांत शिरला. आपल्या जॉर्ज डाउसन या मित्राच्या साहाय्यानें त्यानें ऑस्टिन सेव्हनच्या आधारानें शर्यतीची एक मोटार घरींच तयार केली. बहुतेक काम हातहत्यारांनीं, फुरसतीच्या वेळांत चाललेलें. त्यामुळें तिला कित्येक वर्षें लागलीं व १९३८ मध्यें ती शर्यतींत उतरली. तिच्या बाजू प्लायवूडवर अल्युमिनियमचा पत्रा चढवून केल्या होत्या, आणि त्या बाजूच मोटारीचा भार पेलत. निराळा जड सांगाडा तिला नव्हता. चाकांच्या धक्क्यांसाठीं पोलादी स्प्रिंगांऐवजीं रबराचा उपयोग केला होता. तिचें नांवच ‘लाइटवेट स्पेशल’. याच इसिगोनिस यांनीं पुढें १९४८ ची मॉरिस मायनर आणि १९५९ ची सुप्रसिद्ध मिनी या मोटारींची रचना केली. मिनींतील रबरी आधार अलेक्स मोल्टन यांनीं सिद्ध केले होते. तथापि रबरावर मोटार तोलण्याचा विचार इसिगोनिस यांच्या हातून वीस वर्षांपूर्वीं घरच्या कामांत उतरला होता हें विसरतां येत नाहीं.

१९३९ मध्यें, महायुद्धाच्या उंबरठ्यावर, बिल बॉडी या मोटारविषयक लेखकाच्या पुढाकारानें ऑस्टिन सेव्हनच्या हौशी मालकांची एक संस्था इंग्लंडांत निघाली. इंजिनाच्या मापावरून तिचें नांव ‘७५० क्लब’ असें ठेवण्यांत आलें. युद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें, शर्यती बंद पडल्या. परंतु क्लबचें पत्रक निघत राहिलें आणि त्यांतून सभासद एकमेकांना आपापल्या अडचणी व युक्त्या कळवीत. युद्धानंतर या क्लबला हॉलंड बर्केट नांवाचा मोठा उत्साही कार्यकर्ता लाभला. हे गृहस्थ व्यवसायानें पशुवैद्य होते. दिवसा गाईघोड्यांचीं दुखणीं आणि रात्रीं इंजिनांचीं दुखणीं पाहण्यांत त्यांना विसंगति वाटत नसावी. श्रीमंतांच्या शर्यतींत थोड्या पैशाच्या माणसाला स्थान नव्हतें. यावर क्लबनें उपाय काढला तो नियमांचा. सर्वांनीं ऑस्टिन सेव्हनचाच सांगाडा व इंजिन वापरावें, खर्चाला मर्यादा राहावी, आणि बुद्धि मात्र हवी तेवढी खर्चावी, असें सूत्र १९४९ च्या सुमारास ठरलें. ‘७५० फॉर्म्युला’ या नांवाची ती शर्यत आजहि चालू आहे. मात्र कालमानानें तिच्यांतील इंजिनें बदललीं.

या वर्गांतील सर्वांत कुशाग्र विद्यार्थी म्हणजे कॉलिन चॅपमन. १९२८ मध्यें जन्मलेला हा तरुण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बांधकामाच्या स्थापत्यशास्त्राचा अभ्यास करीत होता आणि जोडीला जुन्या मोटारींची खरेदीविक्री करी. १९४७ च्या अखेरीस सरकारनें खाजगी वाहनांना मिळणारें पेट्रोलचें मूळ रेशनच बंद केलें. मोटारींचा बाजार एकदम बसला. चॅपमननें मिळेल त्या भावाला माल काढला. एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी गळ्यांत राहिली. तिचीच त्यानें १९४८ मध्यें स्पेशल केली. जागा होती उत्तर लंडनमध्यें हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजची, आणि मदतीला स्वतः हेझल. पेटीसाठीं अल्युमिनियमचा पत्रा चढविलेलें प्लायवूड वापरून तिच्या निरनिराळ्या भागांना त्यानें बंद पेट्यांप्रमाणें कणखरपणा आणला. वर्गांत शिकलेल्या स्थापत्याचा तो पहिला प्रयोग होता. या मोटारीला त्यानें ‘लोटस’ असें नांव दिलें.

१९५१ मध्यें ७५० फॉर्म्युल्यासाठीं त्यानें जी तिसरी लोटस बांधली तिची गोष्ट विशेष बोधप्रद आहे. ऑस्टिन सेव्हनच्या चार सिलिंडरांना वायु आंत घेण्याच्या वाटा मात्र दोनच. दोन दोन सिलिंडर एकाच दारांतून श्वास घेत आणि एकाचा घास दुसरा पळवी. हें दार ओतींव लोखंडांतच असल्यामुळें त्याला इलाज नाहीं असें सर्वांनीं धरून चालविलें होतें. चॅपमननें त्या दारांत पडदी घालून एका दाराचीं दोन केलीं. झालें, प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र वाट मिळाली आणि त्याची मोटार इतरांना आटोपेना. पुढें क्लबनें नियम करून ही युक्ति बंद केली. नियम करणाऱ्यांनींच एखाद्याच्या बुद्धीला दिलेलें हें एक प्रशस्तिपत्रक म्हणावयाचें. १९५२ मध्यें हेझलनें दिलेल्या पंचवीस पौंडांच्या भांडवलावर लोटस कंपनी सुरू झाली, आणि तिचा पहिला कारखाना हॉर्न्सी येथें चॅपमनच्या वडिलांच्या हॉटेलामागील तबेल्यांत थाटला गेला. दहा वर्षांनीं, १९६२ मध्यें, या कंपनीनें निराळ्या सांगाड्यावांचून केवळ पत्र्याच्या बंद पेटीच्या बळावर उभी असलेली लोटस २५ ही शर्यतीची मोटार काढली, आणि पुढच्याच वर्षीं तींत बसून जिम क्लार्क जगज्जेता झाला.

अशा घरगुती उद्योगाला कायद्यानेंहि, बहुधा न कळत, मोठा हातभार लावला. युद्धकाळांत, १९४० मध्यें, ब्रिटिश सरकारनें ‘परचेस टॅक्स’ नांवाचा विक्रीकर सुरू केला होता. १९५१ मध्यें मोटारींवरील हा कर घाऊक किमतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत चढला. शिवाय नव्या मोटारी परकीय चलन मिळविण्यासाठीं प्रथम परदेशीं जात. देशांतील ग्राहकाला वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. परंतु हा कर तयार मोटारीवर होता, सुट्या भागांवर नव्हता. मालकानें भाग घेऊन, धंदेवाईक कारागिराची मदत न घेतां, ते स्वतः जोडले, तर कराचा प्रश्न येत नसे. लोटसनें प्रथम आपली सहावी आणि नंतर १९५७ पासून सातवी मोटार सुट्या भागांच्या रूपानें विकली. खोक्यांत भरून आलेली मोटार घरच्या गॅरेजांत उभी करणें हा अनेक तरुणांचा सुट्टींतील उद्योग झाला. म्हणजे सरकारनें मनुष्याच्या स्वतःच्या श्रमाला करमुक्त ठेविलें, एवढाच त्याचा अर्थ. पण तेवढ्या एका फटींतून संबंध एक धंदा उगवला. १ एप्रिल १९७३ रोजीं जुना विक्रीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला, तेव्हां ही फट बुजली. त्याच वर्षीं लोटसनें सातव्या मोटारीचे हक्क कॅटरहॅम या विक्रेत्या कंपनीला दिले.

इंग्लंडांतील ही लाट समुद्रापलीकडेहि पोंचली. न्यूझीलंडमधील ऑक्लंड शहरीं लेस मक्लारेन नांवाच्या गृहस्थांचें पेट्रोल व दुरुस्तीचें दुकान होतें. त्यांनीं विकत घेतलेली जुनी ऑस्टिन सेव्हन ‘अल्स्टर’ त्यांचा मुलगा ब्रूस यानें मागून घेतली. हिपच्या हाडाच्या दुखण्यामुळें या मुलाचीं बालपणाचीं दोन वर्षें अंथरुणांत गेलीं होतीं. बापलेकांनीं ती मोटार उभी केली आणि १९५२ मध्यें ब्रूस तिच्यासह आपल्या पहिल्या स्पर्धेंत उतरला. सात वर्षांनीं, अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें अमेरिकेची ग्रां प्री जिंकली, आणि १९६३ मध्यें आपल्या नांवाची कंपनी काढली. मात्र याच माणसाचा २ जून १९७० रोजीं इंग्लंडांत गुडवुड येथें स्वतःच्या नव्या मोटारीची चांचणी घेतांना अपघाती मृत्यु झाला. धांवत्या मोटारीच्या मागील आच्छादनाचा भाग निखळला आणि मोटार ताब्याबाहेर गेली. वेगाचा खेळ किती महाग पडूं शकतो याची ही आठवण या इतिहासांतून वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

कारखानदारांनींहि या हौसेकडे सर्वस्वीं पाठ फिरविली नव्हती. ‘एम्.जी.’ या स्पोर्ट्स मोटारींच्या कारखान्यानें युद्धोत्तर मिजेट मोटारींच्या मालकांसाठीं एक पुस्तिका काढली होती. तींत इंजिनाची शक्ति पायरीपायरीनें कशी वाढवावी, प्रत्येक पायरीस कोणते भाग बदलावे, हें सांगितलेलें असे. पुढें १९५८ मध्यें ऑस्टिन-हीली कंपनीची ‘स्प्राइट’ आली. ९४८ सी.सी. इंजिनाची ही दोन माणसांची मोटार म्हणजे स्वस्त स्पोर्ट्स मोटारीचा नवा अवतार. तिला बाहेरून दरवाजाची मूठ नव्हती, मागें सामानाचें झांकण नव्हतें. पुढचें आच्छादन मात्र चाकांवरील पंखांसकट एकाच तुकड्यांत वर उचलले जाई, आणि इंजिनाभोंवतीं काम करण्यास दोन्ही बाजूंनीं मोकळी जागा मिळे.

याच स्प्राइटच्या निमित्तानें घरगुती दुरुस्तीच्या इतिहासांतील अत्यंत महत्त्वाचें पुस्तक जन्मास आलें. त्याचा कर्ता जॉन हेन्स. त्याचा जन्म १९३८ मध्यें सिंहलद्वीपांत झाला; वडील तेथें चहाच्या मळ्यावर व्यवस्थापक होते. इंग्लंडांतील शाळेंत शिकत असतांना या मुलानें ऑस्टिन सेव्हनची स्पेशल तयार केली आणि तें कसें करावें यावर एक पुस्तिका लिहून १९५६ मध्यें प्रसिद्ध केली. तिच्या २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढें तो विमानदळांत अधिकारी म्हणून एडन येथें असतांना एका सहकाऱ्याची स्प्राइट दुरुस्त करण्याचा प्रसंग आला. कंपनीचें अधिकृत पुस्तक उघडून पाहतों तों तें सामान्य मालकाच्या उपयोगाचेंच नव्हतें. शिकलेला कारागीर आणि सुसज्ज कारखाना गृहीत धरून तें लिहिलेलें. तेव्हां हेन्सनें इंजिन स्वतः सोडवीत नेलें, प्रत्येक टप्प्याचीं छायाचित्रें घेतलीं, आणि पुन्हां जोडतांना काय अडलें तें टिपून ठेविलें. यांतून १९६६ मध्यें स्प्राइटवरील पहिली ‘हेन्स मॅन्युअल’ निघाली. तिच्या पहिल्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आंत खपल्या.

त्या पुस्तकाचें वैशिष्ट्य भाषेंत नव्हतें, भूमिकेंत होतें. लेखकानें आधीं यंत्र सोडवावें, मगच वाचकाला सांगावें, हा दंडक हेन्सनें घालून दिला. जो बोल्ट लिहिणाऱ्याच्या हातून सुटला नाहीं, तो वाचणाऱ्याच्या हातून सुटेल असें कोणीं समजूं नये. शिकविणाऱ्यानें स्वतः केलेलें शिकवावें, या जुन्याच नियमाला त्यानें तेलकट हातांनीं उजाळा दिला. पुढें या मालेंत शेंकडों मोटारींवर पुस्तकें निघालीं आणि जगभर त्यांच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. २०१९ मध्यें हेन्स निवर्तले. आणि २०२० च्या अखेरीस कंपनीनें नव्या मोटारींसाठीं छापील दुरुस्तीपुस्तकें काढणें थांबविण्याचें जाहीर केलें.

आतां या स्वातंत्र्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. घरच्या दिवाणखान्यांतील खुर्ची वांकडी झाली तर घरचाच मनुष्य पडतो. रस्त्यावरच्या मोटारीचा ब्रेक चुकला तर ज्याचा त्या मोटारीशीं कांहीं संबंध नाहीं असा पादचारी मरतो. युद्धापूर्वींच्या खिळखिळ्या सांगाड्यांवर नवा वेग चढविलेल्या मोटारी सर्वच जबाबदार हातांनीं घडविलेल्या नव्हत्या. १९६० मध्यें ब्रिटिश सरकारनें दहा वर्षांहून जुन्या मोटारींची ब्रेक, सुकाणू व दिवे यांपुरती सक्तीची तपासणी सुरू केली, आणि नंतर १९६७ पर्यंत ती मर्यादा तीन वर्षांवर आणली. पुष्कळ जुन्या मोटारी या तपासणींत टिकल्या नाहींत. कित्येक हौशी मंडळींना हा आपल्या छंदावरील घाला वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु विचार केला तर तपासणीनें कोणाच्या हातचा पाना काढून घेतला नव्हता. तूं केलेलें काम दाखव, एवढेंच ती म्हणत होती. चांगल्या कारागिराला परीक्षकाचें भय नसतें.

खरें भय निराळ्या दिशेनें आलें. परीक्षकापेक्षां बंद झांकण अधिक घातक ठरलें. गेल्या कांहीं दशकांत मोटारींच्या पोटांत संगणक आले. त्यांनीं पेट्रोल वांचविलें, धूर कमी केला, अपघात टाळले. त्यांचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण त्यांच्याबरोबर अशी स्थितीहि आली कीं, इंजिनाचें दुखणें कळण्यासाठीं कानापेक्षां सांकेतिक आंकड्यांची गरज भासूं लागली, आणि त्या आंकड्यांची किल्ली पुष्कळदां कारखानदाराच्याच खिशांत राहिली. यावर पहिला उल्लेखनीय प्रतिकार अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत झाला. तेथें २०१२ मध्यें मोटारमालकांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर झाला. अधिकृत विक्रेत्यांना दिली जाणारी दुरुस्तीची माहिती मालकांना आणि स्वतंत्र कारागिरांनाहि योग्य मोल घेऊन मिळाली पाहिजे, असें त्यानें ठरविलें. एके काळीं जी गोष्ट बेबी ऑस्टिनच्या सहा-आठ बोल्टांनीं आपोआप दिली होती, ती मिळविण्यासाठीं आतां मतदान घ्यावें लागलें.

शंभर वर्षांच्या या कथेंत योगायोग पुष्कळ आहेत. कराच्या सूत्रानें इंजिन लहान ठेविलें, युद्धानें नव्या मोटारी दुर्मिळ केल्या, पेट्रोलच्या टंचाईनें एका विद्यार्थ्याच्या गळ्यांत जुनी गाडी ठेविली, आणि विक्रीकराच्या फटींतून घरोघरीं खोकीं पोंचलीं. परंतु हे सर्व योगायोग वांझ गेले असते, जर ती मोटार उघडतां आली नसती. इसिगोनिस, चॅपमन, मक्लारेन, हेन्स हे सर्व बुद्धिमान होते यांत शंका नाहीं. तथापि त्यांच्या बुद्धीला पहिला विषय मिळाला तो स्वस्त, सोपा आणि चुकलें तरी क्षमा करणारा. मोठ्या माणसांच्या यादींत ज्यांचीं नांवें कधींच येणार नाहींत अशा हजारों गृहस्थांनाहि त्याच मोटारीनें एक गोष्ट शिकविली : यंत्र बिघडलें म्हणजे नशिबाला दोष न देतां कारण शोधावें, आणि आपल्या हातच्या कामाची जबाबदारी आपणच घ्यावी.

आजच्या घरांत मोटारीशिवाय कितीतरी यंत्रें आहेत, आणि त्यांतील बहुतेक बंद डब्यांसारखीं आहेत. प्रत्येकानें इंजिन उघडावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु मुलाच्या हातीं पेंचकस दिला आणि जुना पंखा, जुना दिवा किंवा सायकल त्याच्यापुढें ठेविली, तर त्यांत फार तर एक पंखा बिघडेल. लिकी ग्रेंजच्या बिलियर्डच्या खोलींत एका अनुभवी कारखानदारानें अठरा वर्षांच्या पोरावर विश्वास टाकला होता. पुढचा सारा इतिहास त्या विश्वासाच्या पोटीं आला.